एकाच मातीत लावून पाहू

पहाटे ४.३०

सिलिका जेलचे खडे रात्रीतून गुलाबी झालेत. काल संध्याकाळी ते निळे होते. पानांनी आपली सगळी ओल त्यांना देऊन टाकली. पाकिटातलं पान बोटांत धरलं की चुरचुरतं. असं झटपट वाळलं तरच त्यातला डीएनए शाबूत राहतो; सावकाश, दमट हवेत सुकलं तर तो तुकडे तुकडे होऊन जातो. खडे तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळे करून घेते. हा तवा वेगळा. त्याच्या मुठीला लाल चिंधी बांधली आहे, कारण तो निळा रंग कोबाल्टचा आहे आणि त्या तव्यावर चुकूनही पोळी पडायला नको.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत गडचिरोलीतल्या एटापल्लीत खोली घेऊन राहते आणि सूरजागडच्या रस्त्यानं रायमुनियाची पानं गोळा करते. पुस्तकात तिला घाणेरी किंवा टणटणी म्हणतात, आमच्याकडे ती रायमुनिया. हे माझं तिसरं वर्ष. तीन वर्षांत एकच प्रश्न धरून आहे: हे झाड इथं आल्यावर बदललं, की आहे तसंच राहून सगळीकडे निभावून नेतंय? दोन्ही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात, पण त्यांवरचे उपाय सारखे नाहीत.

पहाटे ५.३०

परसात नर्सरीच्या काळ्या पिशव्या ओळीनं मांडल्या आहेत. माती सगळ्यांना एकाच ढिगातली, चाळून घेतलेली. पाणी एकाच मापानं. अर्ध्या पिशव्यांत ट्रकच्या रस्त्याकाठच्या झुडपांचं बी, अर्ध्यांत जंगलात खोलवरच्या झुडपांचं. कुठली कुणाची ते फक्त वहीत. पिशवीवर नुसता आकडा, म्हणजे मोजताना माझं मन कुणाकडे झुकणार नाही.

रस्त्याकाठच्या रायमुनियाचं पान लहान, जाड, खरबरीत. जंगलातल्या सावलीतलं रुंद, पातळ, मऊ. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, या दोन वेगळ्या जातीच आहेत. इथलं कुणीही तेच सांगेल. पण उन्हात राबणाऱ्याचं अंग आणि सावलीत बसणाऱ्याचं अंग वेगळं दिसतं, म्हणून त्यांचं रक्त वेगळं ठरत नाही. तेच झाड उन्हात जाड पान काढतं, सावलीत पातळ. याला मी निभावणं म्हणते. बदलणं वेगळं: पिढ्यामागून पिढ्या काही वाण मरून गेले, काही टिकले, आणि टिकलेल्यांचं बी कुठंही नेऊन लावलं तरी ते तसंच वागतं. या दोहोंत फरक करायची एकच खात्रीची रीत आहे. दोघांना एकाच मातीत, एकाच पाण्यावर शेजारी शेजारी लावायचं आणि थांबायचं.

पानांचा फरक माझ्या पिशव्यांत दोन महिन्यांत पुसून गेला. मोजपट्टी घेऊन बसले तरी सापडेना. म्हणजे पान हे निभावणं होतं. फुलायची वेळ, बियांची संख्या, पाण्याचा ताण सोसायची ताकद यांचं तसंच आहे का, ते अजून पाहायचंय.

एक अडचण मात्र प्रत्येकानं ध्यानात ठेवावी अशी आहे. सुदृढ आईचं बी मुळातच भरदार असतं. त्याची रोपं जोमानं वाढतात, तो जोम आईच्या शिदोरीचा असतो, वाणाचा नसतो. म्हणून खरा निकाल दुसऱ्या पिढीत, याच परसात वाढलेल्या आयांच्या बियांतून. रायमुनियाच्या बाबतीत म्हणजे काही वर्षं.

सकाळी ६.३०

धुकं आहे. जीपचे दिवे लावूनही दहा पावलांपुढे दिसत नाही. अल्लापल्लीकडे खनिज नेणारे ट्रक समोरून येतात तेव्हा आधी आवाज येतो, मग लालसर धूसर उजेड. एटापल्लीहून सूरजागडकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही कडांची झाडं लाल आहेत. ऐन, साग, मोह, सगळ्यांच्या पानांवर लोहखनिजाची धूळ, आणि दंवाचे थेंब त्या धुळीतून ओघळून पानांवर रेघा उमटलेल्या.

गावातून दादा चढतात. ते माडिया, साठीच्या आतबाहेरचे, जंगलाची वाट त्यांच्याशिवाय मला उमगत नाही. वनविभागाची परवानगी माझ्या पिशवीत असते, पण ग्रामसभेला विचारायला पहिल्या वर्षी त्यांनीच नेलं. जीपमध्ये बसायच्या आधी ते आपल्या चपलांचे तळ दगडावर घासतात. ही सवय मी त्यांना लावली. आता मी विसरले तर ते माझ्या बुटांकडे बोट दाखवतात.

सकाळी ७.१५

पहिलं ठिकाण. एका झुडपाची तीन कोवळी पानं, पाकिटात खडे, पाकिटावर आकडा, जीपीएसची नोंद, फुलाचा रंग, फोटो. कोवळंच पान घ्यायचं, कारण जून पानात रायमुनिया इतकी फेनॉल द्रव्यं साठवते की प्रयोगशाळेत डीएनए तपकिरी चिकट होऊन बसतो. मग वीस पावलं सोडून पुढचं झुडूप. वीस का? हिची फांदी जमिनीला टेकली की तिथं मूळ धरते. समोर दिसणारी चार झुडपं कधी कधी एकच बाई चार ठिकाणी पदर पसरून बसलेली असते. तिची चार पानं घेतली तर चार झाडं मोजल्याचा खोटा समाधानी आकडा हाती येतो.

इथं दोन रंग शेजारी आहेत. एक पिवळी-गुलाबी, एक नारिंगी-लाल. एकाच गुच्छात मधली फुलं पिवळी आणि कडेची गुलाबी दिसतात तेव्हा ती दोन जातींची नसतात. कालचं पिवळं फूल परागण झाल्यावर आज गुलाबी झालेलं असतं. दिल्ली विद्यापीठात प्रा. एच. वाय. मोहन राम आणि गीता माथुर यांनी १९७०च्या दशकात यावर सुंदर काम केलं. फुलकिडे, म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेतले थ्रिप्स, पिवळ्या फुलांकडे जातात, रंग बदललेल्यांकडे फिरकत नाहीत. झाडाची ही आपल्या पाहुण्यांशी ठरलेली खूण आहे. मी मात्र गुच्छाच्या आतली बदलती छटा सोडून आख्ख्या झुडपाचा मूळ रंग लिहिते. ते दोन वेगळे वाण आहेत.

आणि माझं निम्मं काम या वाणांतच अडकलेलं आहे. रायमुनिया अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली. युरोपातल्या बागवानांनी तिचे निरनिराळे प्रकार एकमेकांशी लावून शेकडो शोभेचे वाण तयार केले. नावानिशी नोंदलेले साडेसहाशेहून अधिक. १८०९च्या सुमारास ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली, मग छावण्यांच्या, बंगल्यांच्या कुंपणांवर. नंतरही वेगवेगळ्या बंदरांतून, वेगवेगळ्या हातांनी येत राहिली. कुणाच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच, कुणात तीन, कुणात चार. म्हणजे आपल्या जंगलात जे घुसलं ते निसर्गानं घडवलेलं एक रानटी झाड नव्हतं, माणसानं आधीच मिसळून दिलेलं मिश्रण होतं. मूठभर बी घेऊन परदेशी गेलेल्या झाडाची जनुकीय पुंजी तुटपुंजी असते, मग ते तिथं इतकं फोफावतं कसं, असं कोडं अभ्यासक घालतात. रायमुनियाच्या बाबतीत त्याचं अर्धं उत्तर हेच की तिची शिदोरी आपणच भरून दिली.

दादा विचारतात, "मॅडम, एवढी पानं नेता, झाड काहून नाही तोडत?"

तोडायचं आहे, दादा. पण कुठलं आधी तोडायचं, ते ही पानंच सांगतील.

सकाळी ९.००

धुकं वितळलं. हलक्या धानाची कापणी उरकली आहे, भारी धान बांधीत उभं आहे. बांधाच्या कडेला एक आजी विळ्यानं रायमुनिया छाटतेय. बैलानं खाल्ली तर त्याच्या नाकाची कातडी सोलून निघते, तो उन्हात उभा राहू शकत नाही, हे ती मला सांगते. तिला त्या विषाचं, लँटाडीनचं नाव माहीत असण्याची गरज नाही, तिनं त्याचा परिणाम डोळ्यांनी पाहिलाय.

"आमच्या लहानपनी एवढी नव्हती जी," ती म्हणते. "आता बांधीत घुसून रायली."

मी तिच्या धानाकडे पाहते. लोंब्या एकसारख्या दिसतात, पण नसतात. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली पटेल-३ या धानाच्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या पाहिल्या. त्या निराळ्या काढल्या, पुढच्या साली निराळ्या पेरल्या, त्यांतल्या चांगल्या पुन्हा वेचल्या. हंगामामागून हंगाम. त्यातून जो तांदूळ निघाला तो एचएमटी. आज विदर्भातच काय, त्याच्याही बाहेर लोक तो मागून घेतात. २०१८ साली दादाजी गेले. मी वर्गात उत्क्रांती शिकवताना डार्विनच्या कबुतरांच्या आधी दादाजींच्या बांधीपासून सुरुवात करते, कारण त्यात सगळं आहे. वेगळेपण आधी हवं. दादाजींनी ते निर्माण केलं नाही, ओळखलं. मग निवड हवी. आणि मग धीर हवा.

हेच आजीला सांगते. तुमच्या बांधीत निवडणारा माणूस असतो. रस्त्याच्या कडेला कुणी निवडायला बसलेलं नाही, पण निवड होतेच. उन्हाळ्यातलं पाणी निवडतं. दर दिवाळीआधी कडा साफ करणारा विळा निवडतो, कारण जे झुडूप विळा यायच्या आधी बी टाकून मोकळं होतं त्याचीच पोरं पुढच्या वर्षी असतात. धूळ निवडते. वर्षानुवर्षं असं होत राहिलं आणि झुडपांत आधीपासून पुरेसं वेगळेपण असलं, तर रस्त्यासाठीच घडलेली रायमुनिया तयार होईल.

आजी विळा थांबवून ऐकते. मग म्हणते, "म्हनजे आमीच तिले शिकवून रायलो."

वहीत हे वाक्य मी तारखेसह लिहून ठेवलं.

सकाळी ११.००

हेडरीच्या पुढे डोंगर समोर येतो. सूरजागडचा डोंगर माडियांच्या ठाकुरदेवाचा. जानेवारीत इथं यात्रा भरते, दूरदूरच्या गावांतून माणसं येतात. १८५८च्या उठावातले बाबूराव शेडमाके यांचीही आठवण या डोंगराशी जोडलेली आहे. त्यांना त्या वर्षी २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. आणि याच डोंगराच्या पोटात लोखंड आहे. २००७ साली ३४८ हेक्टरचा खाणपट्टा दिला गेला, गेल्या काही वर्षांत उत्खननाला वेग आला. दादा डोंगराकडे तोंड करून क्षणभर उभे राहतात. त्या वेळी मी वही मिटून ठेवते.

खाणीच्या हद्दीत मी जात नाही. बाहेरच्या उघड्या, उकरलेल्या जमिनीच्या कडेनं नमुने घेते, मग तिथून जंगलात शिरणाऱ्या सरळ रेषेत दर काही अंतरावर एक. ही कल्पना माझी नाही. वेल्समध्ये तांब्या-शिशाच्या जुन्या खाणींच्या ढिगाऱ्यांवर एक साधं गवत उगवतं, आणि त्याला लागून असलेल्या स्वच्छ कुरणात तेच गवत. अँथनी ब्रॅडशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्हींचं बी घेऊन एकाच मातीत लावलं. ढिगाऱ्यावरच्या गवताला विषारी धातू सोसत होता, कुरणातल्याला नाही, आणि दोहोंमधली सीमा काही मीटरांची. वाऱ्यानं पराग इकडून तिकडे सतत उडत असतानाही निवड इतकी कडक होती की फरक टिकून राहिला. १९६६ साली त्यांच्यासोबत याविषयी लिहिणारे एस. के. जैन होते. माझ्या विद्यार्थ्यांना हे नाव सांगते तेव्हा त्यांची मान वर होते.

पण तांबं आणि लोखंड सारखं नाही, हे मला स्वतःला रोज बजावावं लागतं. सूरजागडचं खनिज म्हणजे मुख्यतः लोखंडाची ऑक्साइडं. ती पाण्यात सहसा विरघळत नाहीत, मुळांना तांब्यासारखी जाळत नाहीत. इथला त्रास पानांवर बसणाऱ्या धुळीचा आहे: उजेड अडतो, पानांची छिद्रं बुजतात. पावसाळ्यात धूळ धुऊन जाते, दिवाळीनंतर परत बसू लागते, उन्हाळ्यापर्यंत दाट होते. म्हणजे निवड असलीच तर ती हंगामी, ओढून ताणून वेल्सच्या गोष्टीत बसवायची नाही. चांगली गोष्ट हाती आली की आपली माहिती तिच्या मापानं कापायचा मोह होतो, आणि या विषयात त्या मोहानं बरेच जण फसलेत.

दुपारी १२.४५

डबा. भात, वरण, अंबाडीची भाजी. दादांच्या भोपळ्याच्या तुंब्यात जावा, म्हणजे पातळ पेज, आहे, त्यातला थोडा मला.

बसलो तिथं गाजरगवत आहे. मी पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घालते, कारण त्याच्या संसर्गानं माझ्या मनगटावर चट्टे उठतात. १९५५-५६च्या सुमारास पुण्यात ते वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नजरेत भरलं, पुढे आयात गव्हासोबत देशभर पसरल्याची समजूत रूढ झाली आणि काँग्रेस गवत हे नाव चिकटलं. इथं ते ट्रकच्या थांब्यांपाशी, नव्या मुरमाच्या ढिगांवर दिसतं. गर्द जंगलात नाही.

या गवताची ऑस्ट्रेलियातली हकीगत माझ्या कामाला फार जवळची आहे. क्वीन्सलँडमध्ये ते दोनदा, दोन वेगळ्या वेळी शिरलं. टूगूलावा इथं १९५५ मध्ये नोंद झालं ते आसपासच रेंगाळलं. क्लर्माँट इथं १९६० मध्ये दिसलं, कुरणाच्या बियांत मिसळून अमेरिकेतून आलेलं, ते लाखो एकर व्यापून बसलं. नाव एक, देश एक, काळ जवळजवळ एक, वाण वेगळा. "ते गवत तर आधीपासून आहेच, आणखी थोडं आलं तर काय बिघडतं" हे वाक्य मी अनेक कार्यालयांत ऐकलं आहे. क्लर्माँट हे त्याचं उत्तर. आधीपासून असलेल्या झाडाचा नवा वाण हाही नवा पाहुणाच असतो, कधी कधी पहिल्यापेक्षा वाईट.

याच्या उलट टोकाची उदाहरणंही आहेत. रानमोडीचे आशियाभरातले नमुने तपासले तर जनुकीय वेगळेपण जवळजवळ नाहीच. चंद्रपूरच्या रामाळा तलावात माजलेली जलपर्णी तर जगात बहुतेक ठिकाणी एकाच झाडाच्या तुकड्यांतून वाढलेली आहे. म्हणजे विविधता असल्याशिवाय आक्रमण होत नाही, असं म्हणता येत नाही. काही झाडं बदलून जिंकतात, काही एकही पाऊल न बदलता, सगळं सोसून जिंकतात. म्हणून प्रत्येक झाडाची चौकशी वेगळी करावी लागते.

दुपारी २.००

जंगलात. रस्त्याचा आवाज इथं एखाद्या घाटातल्या गिरणीसारखा दूर. रायमुनिया इथंही आहे, पण उंच, विरळ फांद्यांची, उजेडाकडे झेपावणारी. जिथं एखादा मोठा वृक्ष पडून आभाळ उघडं झालंय तिथं मात्र तिची दाट जाळी. त्या जाळीखाली गवत नाही, सागाचं किंवा बिजाचं रोप नाही. तेंदूपत्त्याच्या हंगामात बायांना इथं शिरता येत नाही, हातापायांवर ओरखडे येतात, आणि आत रानडुक्कर बसलं असेल तर कळत नाही. गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभांचं उत्पन्न तेंदू आणि बांबूवर आहे. म्हणून हा प्रश्न त्यांच्या पदरचा आहे.

२०२० साली निनाद मुंगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या व्याघ्र-अधिवासाचा हिशेब मांडला: सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटर जंगलात रायमुनिया, त्या क्षेत्राच्या ४० टक्क्यांहून अधिक. पुढच्या काळातलं तापमान आणि पाऊस तिला आणखी मानवेल असंही त्यांच्या मांडणीत होतं. ताडोब्यात ती उपटून गवताळ पट्टे पुन्हा उभे करतात ते याचसाठी. चितळाला आणि गव्याला गवत हवं, रायमुनिया त्यांच्या उपयोगाची नाही.

दादा सागाच्या एका खोडाला हात लावून उभे आहेत. मला इथं नेहमी एका छोट्या ढेकणाची गोष्ट आठवते. रायमुनिया खाणारा टेलिओनेमिया नावाचा जाळीदार पंखांचा ढेकूण १९४१ साली ऑस्ट्रेलियातून डेहराडूनला आणला. बंदिस्त जागेतल्या चाचण्यांत तो सागाच्या फुलांवरही बसू लागला. सागाचं जंगल धोक्यात घालायचं नाही म्हणून तो सोडायचा नाही असं ठरलं, पण तो निसटला आणि काही वर्षांनी बाहेर आढळला. सागाचं सुदैव असं की त्याचं काही बिघडलं नाही. रायमुनियाचंही फार बिघडलं नाही. जगभर हाच अनुभव आहे, आणि त्यामागचं एक कारण वाणांचं वेगळेपण: एका रंगाच्या झुडपावर तुटून पडणारा कीटक शेजारच्या दुसऱ्या रंगाच्या झुडपाला तोंड लावत नाही. कीटक शोधायला जाण्याआधी आपल्याकडे कुठले वाण आहेत याची यादी हवी होती. ती यादी आता, इतक्या उशिरा, पाकिटापाकिटानं होतेय.

दुपारी ४.१५

परतताना नाल्यावर थांबून जीपची चाकं धुतो. आज माझ्या शर्टाच्या काठाला रानतुळशीची बोंडं चिकटलेली सापडली. ओल्या बोटानं दाबली तर बी सब्ज्यासारखं बुळबुळीत फुगलं. मी ते वेचून डबीत भरते. गेल्या वर्षी घाईत मी चाकं न धुता अल्लापल्लीपर्यंत गेले होते, तीसेक किलोमीटर, आणि चिखलाच्या ढेकळांत काय काय नेलं ते आता कधीच कळणार नाही. त्या दिवशी एका वाणाला दुसऱ्या वाणाशी भेटवणारी मी असू शकते. रस्त्याचं नेमकं हेच भय आहे. पक्षी रायमुनियाची काळी फळं खाऊन बी जवळपास टाकतो, बुलबुल काही जिल्हे ओलांडत नाही. मुरूम, चिखल, चाकं आणि रोपवाटिकेचा टेम्पो ओलांडतात.

संध्याकाळी ५.३०

गावातल्या वडाखाली काही जण जमलेत. दादांनी बोलावलं होतं. एका तरुणानं सरळ विचारलं, "ताई, तुमच्या डीएनएनं आमाले काय फायदा?"

हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो आणि विचारलाच पाहिजे. मी तीन गोष्टी सांगितल्या. एक, आतल्या जंगलातली एकटी-दुकटी झुडपं आधी काढा, रस्त्याकाठची दाट जाळी नंतर. एकटं झुडूप आज सोपं आहे. त्याच्याशेजारी दुसऱ्या वाणाचं आलं की कदाचित नसेल. दोन, काढायचं ते फळं काळी व्हायच्या आत, आणि मुळाच्या गड्ड्यासकट. वरून छाटलं तर दुप्पट फुटतं. तीन, शाळेच्या किंवा घराच्या कुंपणाला बाजारातून नवी रंगीत रायमुनिया आणू नका, ती कितीही नाजूक दिसली तरी. लोक जैवविविधता नोंदवहीत कुठल्या रंगाची फुलं कुठल्या नाल्याकाठी, एवढं जरी लिहिलंत तरी मला आणि तुम्हाला दोघांना उपयोगी.

एका मुलीनं वहीत पुंगार असा मथळा काढून लगेच दोन रकाने आखले. माडियात पुंगार म्हणजे फूल. पिवळी-गुलाबी, नारिंगी-लाल. तिनं पेन थांबवून विचारलं, पांढरी असते का? असते, मी म्हटलं. तिनं तिसरा रकाना आखला.

संध्याकाळी ७.३०

वीज आहे. आजची पाकिटं तपासून, आकडे जुळवून, डब्यात. टीपकागदात दाबलेले नमुने बदलले.

जेवणाआधी तासभर वाचन. २०१४ साली अविक रे आणि सुहेल क्वादर यांनी दाखवलं की भारतातली रायमुनिया एकदाच आलेली नाही, अनेकदा आली, आणि तिच्या गटांत जनुकांची देवघेव झाली. अलीकडे बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत, उमा रामकृष्णन यांच्या गटात, देशभरच्या झुडपांचा डीएनए अधिक बारकाईनं वाचला गेला, आणि एक विलक्षण गोष्ट दिसली: झुडपांचे जनुकीय गट ठिकाणापेक्षा फुलाच्या रंगाशी जुळतात. शेजारी उभ्या असलेल्या दोन रंगांपेक्षा शेकडो किलोमीटर दूरचे एकाच रंगाचे वाण एकमेकांना जवळचे. कारण स्वपरागण. झुडूप बऱ्याचदा आपल्याच परागानं बी धरतं. हर्बर्ट बेकर यांनी १९५५ मध्ये म्हटलं होतं की नव्या जागी एकट्यानं संसार मांडायचा तर स्वतःपुरतं बी धरता येणं ही मोठी सोय. रायमुनियाला ती सोय आहे.

मग दोन अभ्यासांत विरोध आहे का? मला तसं वाटत नाही. स्वपरागण नेहमीचं असलं तरी कधीतरी फुलकिडा शेजारच्या रंगावर जातोच. दर शंभर बियांत एखादीच संकर असली तरी बीज एवढं पडतं की त्या एखादीला संधी मिळते. म्हणून मी दोन रंग शेजारी असलेल्या जागा शोधत फिरते, आणि त्यांच्या सीमेवरच्या झुडपांची पानं दुप्पट घेते. सकाळच्या पहिल्या ठिकाणी तशी अकरा पाकिटं झाली. ती आधी नागपूरला पाठवायची.

रात्री ९.००

निजण्याआधी टॉर्च घेऊन परसात एक फेरी. गोगलगाई रात्री येतात, हातानं वेचाव्या लागतात.

४७ नंबरच्या पिशवीत कळ्यांचा गुच्छ धरलाय. काल नव्हता, निदान मला दिसला नव्हता. सगळ्या ओळीत पहिला. वहीचं शेवटचं पान उघडून ४७ कुणाचं, रस्त्याचं की जंगलाचं, हे पाहायला हात वळतो. पाहत नाही. तारीख लिहिते, कळ्या मोजते: चौदा. मग मलमलची छोटी पिशवी त्या गुच्छावर चढवून दोऱ्यानं सैल बांधते, आत वारा जाईल पण फुलकिडा जाणार नाही, आणि पिकलेलं एकही फळ या परसाबाहेर जाणार नाही एवढी.